येजो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी हा विषय काढत नाही. गोष्ट कुत्र्याच्या दारापासून सुरू होते, त्यामुळे लोक आधी हसतात, आणि एकदा माणूस हसला की पुढचं त्याला सांगायचा मला कंटाळा येतो.

सन एकोणऐंशीचा चैत्र संपत आला होता. वर्ध्याच्या बाजारामागे माझं सुतारकामाचं दुकान होतं. एका सकाळी वच्छलाबाई नालवाडीहून पायी चालत आल्या. त्यांचे यजमान मनोहरराव खेड्यापाड्यांच्या शाळांतून तीस वर्षं मास्तरकी करून घरी बसलेले. अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षं अंथरुणाला खिळले होते. बाईंना आम्ही सगळे मास्तरीणबाई म्हणायचो.

"तानबाजी, एक दार करून द्या."

"कायचं दार, बाई?"

"कुत्र्याचं."

मीही हसलो. खोटं कशाला बोलू. बाई रागावल्या नाहीत. फळ्यांच्या ढिगावर "आई गं" म्हणत बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"हसा. मले तर आता रडूबी येत नाई. रात्री चारदा याइची कूस बदला लागते, नाई तर पाठ सोलते. दिवसा ते दोन कुत्रे. आमच्या पोरानं, ओमप्रकाशनं आणून ठेवले, नागपूरच्या त्याच्या घरमालकाले चालत नाई म्हणून. एक भायेर गेला का दुसरा अंदर येते. तीसदा दार उघडा, तीसदा लावा. उघडं ठेवलं तर डुकरं शिरते. तीन साल झाले, मी लागून दोन घंटे झोपली नाई, तानबाजी. दोन घंटे झोपाले भेटन, इतकं करून द्या."

माणूस थकलेला मी पुष्कळ पाहिला आहे. स्वतःही कमी थकलेलो नाही. पण त्या बाईंच्या डोळ्यांखाली जे काळं होतं, ते पाहून माझं हसू गेलं. "उद्या येतो," म्हणालो.

घर साधंच होतं. पुढे बैठक, मध्ये खोली, मागे अंगण आणि अंगणात एक कडुलिंब. मधल्या खोलीत मागच्या दाराकडे तोंड करून मास्तरांची खाट. घरभर फिनाईलचा आणि कापूर घातलेल्या तेलाचा वास. ते तेल बाई रोज दुपारी मास्तरांच्या मेलेल्या अंगाला चोळायच्या. कुत्री दोन, पांढरी, केसाळ, मांजरापेक्षा जरा मोठी. एकाचं नाव शेव, दुसरीचं बुंदी. मास्तर चांगले होते तेव्हा त्यांनीच ठेवलेली नावं.

मास्तरांची उजवी बाजू गेली होती, आणि वाचाही. एक शब्द तेवढा उरला होता. आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि घरचं माणूस 'येजो' म्हणतं, म्हणजे पुन्हा ये. तीस वर्षं शाळा सुटताना मास्तरांनी पोराला, बापाला, पाहुण्याला, सगळ्यांना 'येजो' म्हटलेलं. बाकी सगळं पुसलं गेलं आणि तेवढं राहिलं. पाणी हवं असलं तरी येजो, पाठ दुखली तरी येजो. पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तर खाटेवरून आवाज आला, "येजो." आलेल्या माणसाला निरोप! मला कसंसंच झालं.

मागचं दार जुन्या सागवानाचं, दीड इंच जाडीचं. त्याच्या खालच्या अंगाला नऊ इंच रुंद आणि बारा इंच उंच भोक कापलं. गिरमिटानं चार कोपऱ्यांना छिद्रं, मग आरी, मग पटाशीनं कडा साफ. कापलेलीच फळी रंध्यानं हलकी केली आणि सायकलच्या जुन्या टायरच्या दोन पट्ट्यांनी वरून लटकवली. आतून ढकलली तर बाहेर, बाहेरून ढकलली तर आत. काम एका दिवसाचं. बाईंनी पुढचं सांगितलं तेव्हा मी डोक्याला हात लावला.

"आता कुत्र्याइले शिकवा."

"मी सुतार हाओ बाई, सर्कशीतला नाई."

"मंग मी शिकवू? कवा?"

दुपारी उन्हात दुकान तसंही ओस असायचं. मी रोज बारा-एकला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी फळी सुतळीनं वर बांधून ठेवली आणि पलीकडून बिस्किटाचा तुकडा दाखवला. दुसऱ्या दिवशी फळी अर्धी खाली. तिसऱ्या दिवशी तिचा भार कुत्र्याच्या पाठीवर हळूच येऊ दिला, म्हणजे भीती मोडते. शेव धीट होता. बुंदी फळीचा आवाज झाला की खाटेखाली पळायची.

एक दिवस मी तिला मागून रेटत म्हणालो, "जा! अगं जा ना!" बाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"जा म्हणू नका, तानबाजी. याइच्या देखत घरातून जिवाले जा म्हणते का कोणी?"

"मंग काय म्हणू?"

त्याच वेळी खाटेवरून मास्तर म्हणाले, "येजो." आणि शेव उठून फळीतून बाहेर गेला! आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. मास्तर मला फळीशी पाहून रोज तो शब्द म्हणत होते, आणि कुत्र्यानं तोच पकडला होता. मग काय, पुढचं सगळं मास्तरांनीच शिकवलं. येजो म्हटलं की कुत्रं बाहेर. बाहेर फिरून झालं की पुन्हा येजो, कुत्रं आत. एकाच शब्दावर दोन्हीकडे. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याचा काही उपयोग होत होता. त्यांचा अर्धा चेहरा हसायचा आणि बाई कौतुकानं पदर तोंडाला लावायच्या. खरं सांगतो, मला त्या घरात जायला आवडू लागलं होतं.

आठव्या दिवशी बुंदीही न सांगता बाहेर जाऊन आत आली. दुपारचे दोन वाजले होते. बाईंनी खाटेजवळ चटई टाकली.

"तानबाजी, तुमी हाय ना? चार वाजता उठवजा मले."

"झोपा तुमी. मी कडा घासून घेतो."

"आई गं…" म्हणून त्या आडव्या झाल्या, आणि लगेच घोरू लागल्या. मी पॉलिश पेपर अगदी हलक्या हातानं फिरवत राहिलो. बाहेर ऊन असं की अंगणाकडे बघवत नव्हतं. दोन्ही कुत्री कडुलिंबाखाली जीभ काढून पडली होती. वारा नव्हता, पानही हलत नव्हतं.

साडेतीनच्या सुमाराला मास्तर म्हणाले, "येजो." हळू, झोपेत बोलावं तसं. माझ्या समोरची फळी आतून बाहेर गेली आणि दोन-तीनदा हलून थांबली. कुत्री झाडाखालीच होती. मी टायरच्या पट्ट्या चाचपून पाहिल्या, त्या चांगल्या घट्ट होत्या.

चार वाजता मी बाईंना हाक मारली. मग पुन्हा मारली. त्या उठल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ओमप्रकाश रात्रीच्या गाडीनं आला. सकाळी तिरडी बांधली, लोक जमले. आता एक गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, मयताच्या घरातून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही. मुकाट्यानं उठायचं आणि चालू लागायचं. त्या घरातल्या मरणानं पुन्हा यायला नको. तिरडी उचलली. घरातली रडारड जरा थांबली होती, आणि त्या शांततेत खाटेवरून शब्द आला.

"येजो."

खांदा देणारे जागच्या जागी थबकले. कोणीतरी म्हणालं, "चाला, चाला…" ओमप्रकाशनं बापाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून पुढे झाला. मास्तर रडत होते. ते बिचारे दुसरं काय म्हणणार होते? त्यांच्याकडे तेवढंच होतं.

तेरावं झालं. ओमप्रकाशला नोकरीवर जाणं भाग होतं. नागपुरात मोठी खोली मिळेपर्यंत महिना-दीड महिना बापाला पाहायला त्यानं शेजारच्या सीताबाईला सांगितलं. तिचा भाजीचा मळा. सकाळी यायची, संध्याकाळी यायची. मधल्या वेळी बाहेरून कुलूप. आठवड्यानं सीताबाई दुकानात आली, तीही वैतागलेलीच.

"ते कुत्रे तुमच्या दारातून जात नाईत जी. घरातच घाण करून राह्यले. पुन्हा शिकवा त्याइले."

"येतो उद्या."

"अन् दुपारी मास्तराइचं आंग तुमी पुसून जाता ते बरं करता. पाठीले फोड नाई. पन कुलूप कसं काय काढता? चाबी तर मायाजवळ हाये."

मी म्हणालो, मी तर तेराव्यानंतर तिकडे फिरकलोही नाही. सीताबाईनं माझ्याकडे पाहिलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी कुलूप काढलं. मास्तर कुशीवर होते. शेव आणि बुंदी बैठकीच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेली. मी मागच्या दाराशी बसलो, फळी वर बांधली, बिस्किटं काढली. कुत्री जागची हलेनात. उचलून आणलं तर माझ्या हातांत थरथरू लागली. म्हणून सुतळी सोडली, फळी खाली आली, आणि मी भिंतीला टेकून बसलो. उन्हानं माझेही डोळे मिटत होते.

"येजो," मास्तर म्हणाले.

फळी बाहेरून आत आली… आणि तशीच अधांतरी थांबली. नुसतीच उचललेली. खालून एखादं लांब अंग हळूहळू ओढत आत यावं, इतका वेळ. मग ती खाली पडली. कुत्री कोपऱ्यात सरकली, पण शेवची शेपूट दोनदा हलली. मला काही दिसलं नाही. खरंच काही नाही. खाटेजवळ चटई होती तिथून आवाज आला.

"आई गं…"

तेलाच्या वाटीचा आवाज झाला. कापराचा वास आला. मग मास्तरांचा उजवा हात, तीन वर्षं मेलेला हात, मनगटाशी कोणी धरावा तसा वर उचलला गेला आणि बोटापासून खांद्यापर्यंत त्याची कातडी हळूहळू चमकत गेली. मास्तर डोळे मिटून शांत पडले होते. त्यांची कूस बदलली. चादरीची सुरकुती सरळ झाली. हे सगळं अगदी सावकाश, एकेक काम झाल्यावर श्वास घेत घेत चाललं होतं.

मी भिंतीपासून जरा पुढे सरकलो. म्हणालो, "बाई…"

सगळं थांबलं.

"मास्तरीणबाई… तुमीच का?"

मग माझ्या अगदी जवळून, जमिनीच्या उंचीवरून, कोणी गुडघ्यांवर बसून बोलावं तसं आलं.

"तानबाजी… याइले सांगा ना… मले बलावू नका म्हना… मी लय थकली हो…"

मी दार उघडं टाकून पळालो. हे सांगायला मला लाज वाटत नाही. कुलूप सीताबाईनं लावलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण भीतीपेक्षा चीड जास्त होती. मेलेल्या बाईलाही आराम नाही? तीन वर्षं झिजली, दोन तास मागितले, ते द्यायला मी दार केलं आणि त्याच दारातून तिला रोज कामाला आणतोय कोण, तर मास्तरांच्या तोंडातला एक आदरातिथ्याचा शब्द. फळीला खिळे ठोकले असते. पण तिला बोलावत होता तो शब्द, आणि खिळे ठोकले असते तर ती बाहेर उन्हात बसून राहिली असती. एकच उपाय सुचला. कुत्र्यांना शिकवलं होतं, आता मास्तरांना शिकवायचं.

रोज दुपारच्या आधी जाऊ लागलो. खाटेजवळ बसायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणायचं, "मास्तर, म्हना, जा." ते म्हणायचे, "ये…" मी म्हणायचो, "ये नाई. जा. जीभ वर लावा. जा." त्यांच्या डोळ्यांना धार लागायची. त्यांना सगळं कळत होतं, एवढं मी शपथेवर सांगतो. रोज बाराच्या पुढे त्यांचा धीर सुटायचा, पाठ दुखायची, तहान लागायची, आणि तोंडातून तोच शब्द निसटायचा. फळी आत यायची. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. "आई गं…" ऐकू यायचं. रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त थकलेलं.

अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी मी मास्तरांचे पाय धरले. "मास्तर, तीस साल पोराइले शिकवलं तुमी. आज मायं ऐका. त्या बाईले झोपू द्या. तुमचं मी पाहीन, आंग पुसीन, पाणी पाजीन. पन तिले सोडा." काय बोलून गेलो त्याचा मला तेव्हा विचार नव्हता.

फळी आत आली होती. चटईवर श्वास चालला होता. मास्तरांनी डोकं उशीवरून उचललं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि वाकड्या तोंडातून, शाळेतल्या पोरानं पहिलं अक्षर काढावं तसा शब्द आला.

"जा."

क्षणभर काहीच झालं नाही. मग चटईवरून सुस्कारा आला, लांब, मोकळा, आणि फळी आतून बाहेर गेली. कापराचा वास विरळ होत होत संपला. थोड्या वेळानं बुंदी कोपऱ्यातून उठली, फळी हुंगली आणि नाकानं ढकलून अंगणात निघून गेली. तिच्यामागे शेव. मास्तर हुंदके देत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं, चादर नीट केली. फार हलकं वाटत होतं. पिशवी खांद्याला अडकवली, आणि आयुष्यभराची सवय, दाराशी वळून म्हणालो, "येतो, मास्तर."

मास्तरांचा अर्धा चेहरा हसला.

"येजो."

सायकलवर बसल्यावर लक्षात आलं, तो शब्द आता माझ्यावर पडला होता. अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. पाय धरले, हात जोडले. "मास्तर, मले जा म्हना. एकदा म्हना." ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. पण आता तो शब्द नव्हता, आणि पहिलाही नव्हता. जेवढं होतं तेवढं त्या दिवशी संपलं. पुन्हा त्यांच्या तोंडून काही निघालं नाही.

त्यानंतर मी नालवाडीला गेलो नाही. दुपारी दुकानातच बाजेवर पडायचो. तिसऱ्या दिवशी सीताबाई भेटली, म्हणाली, मास्तराइची पाठ कशी साफ हाये, तुमचे लय उपकार. मी माझे तळहात नाकाशी नेले, कापराचा वास आला, आणि लगेच खाली केले.

पुढच्या महिन्यात ओमप्रकाश बापाला नागपूरला घेऊन गेला. कुत्री सीताबाईनं ठेवून घेतली. मला वाटलं, आता सुटलो. दिवाळीत त्याचं पोस्टकार्ड आलं. 'बाबा सुखरूप आहेत. बोलणं बंद आहे, पण अंगावर एक फोड नाही. आम्ही नवरा-बायको दिवसभर कामावर असतो, तरी कसं निभतं ते देव जाणे. सुरुवातीला दुपारी दार कोणीतरी खालून खरवडतं अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. म्हणून तुम्ही केलं होतं त्याच मापाचं भोक दाराला पाडून घेतलं. आता त्रास नाही.'

याला पाच वर्षं झाली. मास्तर अजून आहेत. दुपारी झोपायचं नाही असं मी पुष्कळदा ठरवलं. चहा पितो, उन्हात उभा राहतो, डोळ्यांना पाणी लावतो. दोन वाजले की उभ्या उभ्या डोळे मिटतात. चारला जाग येते तेव्हा झोपण्याआधी होतो त्याहून जास्त थकलेला असतो. ओमप्रकाशचं नागपूरचं घर मी आजवर पाहिलेलं नाही, पत्ता तेवढा कार्डावर आहे. पण त्याच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, आणि सोळाव्या पायरीची कड फुटलेली आहे, तिथे रोज माझा गुडघा लागतो.